फुगडी विजेच्या कणांची

दिवाळीत घरोघर दिव्यांच्या माळा लागतात. बटण दाबले की उजेड पडतो. पण वीजकेंद्रापासून आपल्या ओसरीपर्यंत येताना त्या विजेचा काही भाग तारा तापवण्यातच खर्ची पडतो, हे आपल्या गावीही नसते. हा वाटखर्च मुळीच न घेणारे पदार्थ जगात आहेत. त्यांना अतिसंवाहक म्हणतात.

१९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा विजेला होणारा त्याचा विरोध एकाएकी नाहीसा झाला. असे का व्हावे, हे कळायला १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचे उत्तर मोठे घरगुती आहे. गादीवर एक मूल बसले की खोलगा पडतो आणि शेजारचे मूल तिकडे घरंगळते. धातूतील अणूंच्या जाळीत एका इलेक्ट्रॉनमुळे असाच खोलगा पडतो, दुसरा त्याकडे ओढला जातो, आणि एरवी एकमेकांना दूर लोटणाऱ्या या कणांची जोडी जमते. अशा सगळ्या जोड्या एका तालात चालू लागल्या की अडथळा उरत नाही.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच १९८६ साली झुरिचच्या बेडनॉर्झ व म्युलर यांना तांबे आणि प्राणवायू यांच्या संयुगात हाच गुण कितीतरी कमी थंडीत आढळला. १९९३ पर्यंत मजल शून्याखाली १४० अंशांच्या आसपास आली. इतक्या उबेत गादीचा खोलगा पुरा पडेना!

मग जोडी जमवते कोण? १९८७ साली अमेरिकेचे अँडरसन आणि आपले जी. बास्करन यांनी एक चित्र मांडले. अंगणात पोरी खच्चून भरल्या आहेत. प्रत्येकीने शेजारणीचा हात धरला आहे आणि जोड्या सारख्या बदलत आहेत. पण हलायला जागा नाही. चारदोघी बाहेर पडल्या की याच जोड्या फुगडी घालीत अंगणभर फिरू लागतात. जोड्या आधीच जमलेल्या असतात, अडते ते जागेवाचून!

दुसरा पक्ष म्हणतो, या कणांना भोवऱ्यासारखी गिरकी असते आणि शेजाऱ्यांच्या गिरक्या उलटसुलट असतात. एक कण पुढे सरकला की या मांडणीत लहर उठते; तीच दुसऱ्याला ओढते.

पुढे प्रयोगांतून जोडीचा आकार चार पाकळ्यांच्या रांगोळीसारखा असल्याचे दिसले. गंमत अशी, की दोन्ही पक्ष तीच रांगोळी आपला पुरावा म्हणून दाखवतात! वाद अजून मिटलेला नाही.

आमच्या कोल्हापूरचाही या कथेत वाटा आहे. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या संयुगांचे पातळ थर विजेच्या मुलाम्याच्या पद्धतीने तयार केले. हुपरीच्या चांदीकारागिरांना मुलामा नवा नाही. येथे मात्र द्रावणात अनेक धातू एकदम सांभाळायचे आणि वर प्राणवायूचे प्रमाण साधायचे!

म्हणजे कृती हाती आली, कारण हाती आले नाही. एखाद्या आजीच्या हाताला चव असते, पण प्रमाण विचारले तर ती 'अंदाजाने घाल' म्हणते. तिची आमटी आपण मिटक्या मारीत खातो. पण नवा पदार्थ रांधायचा तर अंदाज पुरत नाही. थंडी न लागणारा, ओसरीतल्या उबेतही वाटखर्च न घेणारा पदार्थ मिळवायचा, तर त्या जोडीचे गुपित उलगडायलाच हवे. ते उलगडणारा मुलगा किंवा मुलगी आज एखाद्या मराठी घरात आकाशकंदील लावीत नसेल कशावरून?