लग्नगड्यांना सोडवणारे आणि त्यांच्यामागे लागलेला कायदा

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. त्या सज्जनांनी काय जोखीम पत्करली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. तेथील १८५० च्या कायद्यान्वये पळालेल्या गुलामास आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होई.

आपल्याकडे इंग्रज सरकारने १८४३ मध्येच गुलामावरील मालकी हक्क न्यायालयांत अमान्य ठरविला. कागदावर गुलाम उरला नाही; डहाणू-उंबरगावच्या रानात मात्र त्यानंतर शंभर वर्षांनीही ‘लग्नगडी’ होता. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने जन्मभर त्याच्या वाड्यावर राबायचे. मुले झाली की तीही त्याच कामाला. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि ती वही वाचता येणारा माणूसही सावकारच!

२३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या परिषदेत शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साक्षीने वारल्यांनी ठरविले की वेठ करायची नाही आणि बारा आण्यांखाली दिवसाची मजुरी घ्यायची नाही. त्यानंतर लोक पाड्यापाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना बाहेर काढू लागले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्यास पोलिसांचा गोळीबार झाला. जेठ्या गांगड व आणखी चौघे त्यात मारले गेले.

गडी सोडविणे हा गुन्हा कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता, म्हणून सार्वजनिक शांततेचे कारण पुढे आले. १९४६ च्या अखेरीस, खेर मंत्रिमंडळाच्या काळात, परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. पालघर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. हद्दपारीसाठी न्यायालयात गुन्हा शाबीत करावा लागत नाही. अमेरिकेतील आरोपीला निदान खटल्यात आपली बाजू मांडता येई.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी कर्जे रद्द ठरविली आणि वेठबिगार राबविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. या कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविलेली आहे आणि त्यांना साहाय्य करण्यास दक्षता समित्यांची तरतूद आहे. वीटभट्टीवर ‘उचल’ घेऊन गेलेल्या कुटुंबाला ती फिटेपर्यंत बाहेर पडू दिले जात नसेल, तर तक्रार तेथे करता येते.