चित्रपटाचे संगीत आणि सूक्ष्म तबकड्या

भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. अर्देशिर इराणी यांनी तो तयार केला होता. जवळून रेल्वे जात असल्यामुळे गाड्यांची धडधड मुद्रित होऊ नये म्हणून बरेचसे चित्रण रात्री करावे लागले. वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवून गाणे आणि चित्र एकाच वेळी टिपले जाई. या बोलपटात सात गाणी होती. ती आज ऐकायची म्हटली, तर कुठेच मिळणार नाहीत. चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही आणि त्यातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या.

पुढच्याच वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. ते मात्र आपण आजही ऐकू शकतो, कारण त्या चित्रपटाची प्रत टिकून राहिली.

आज जगभरचे हौशी संग्राहक चित्रपटांचे संगीत 'हाय-रेझोल्यूशन' तबकड्यांवर जमवतात. या तबकड्यांत ध्वनीची नोंद नेहमीच्या सीडीपेक्षा कितीतरी सूक्ष्म असते. मग अशी तबकडी जुन्या संगीतात नवा जीव आणू शकेल का? याचे उत्तर शोधण्यासाठी ध्वनी साठवतात कसा, हे आधी पाहू.

खाचेपासून चुंबकापर्यंत

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार. हे चढउतार एखाद्या टिकाऊ वस्तूवर उमटवणे म्हणजे ध्वनिमुद्रण. जुन्या ध्वनिमुद्रिकेत ते नागमोडी खाचेच्या रूपाने असतात. ही तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे व्हिनाइल प्लास्टिकच्या, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या एलपी आल्या. त्यांच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले.

चित्रपटाच्या फितीवर ध्वनी प्रकाशाच्या साहाय्याने उमटवत. चित्रांच्या शेजारी एक चिंचोळी पट्टी असे. तिच्यातून कमीअधिक प्रकाश आरपार जाई. प्रकाशाला प्रतिसाद देणारा विद्युतघट त्या बदलांचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करी आणि ध्वनिक्षेपकातून आवाज येई. मात्र जुन्या चित्रपटगृहांत या पद्धतीने सुमारे ८,००० हर्ट्झच्या वरचे सूर फारच क्षीण होत.

त्यानंतर चुंबकीय मुद्रण आले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला 'शोले' लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हामध्ये ७० मिलिमीटरच्या फितीवर दाखवला गेला. या फितीवर सहा चुंबकीय पट्ट्या असतात. त्यामुळे आवाज पडद्याच्या डावीकडून, उजवीकडून किंवा प्रेक्षकांच्या मागूनही ऐकवता येतो.

पार्श्वसंगीताची अडचण

आपल्याकडे चित्रपटातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघत, पण प्रसंगांच्या मागे वाजणाऱ्या संगीताच्या क्वचितच निघत. हे पार्श्वसंगीत संवादांत आणि इतर आवाजांत मिसळून टाकलेले असे. परळच्या राजकमल कलामंदिरात हे मिश्रणाचे काम फार कौशल्याने चाले. तेथील मंगेश देसाई या कलेत नावाजलेले होते. परंतु एकदा चहात साखर विरघळली की ती चमच्याने परत काढता येत नाही. मिश्रणाचेही तसेच आहे. आता संगणकाच्या मदतीने आवाज काही अंशी वेगळे करता येतात, पण मिसळण्यापूर्वीच्या मूळ फितीची सर त्याला येत नाही. पुष्कळ चित्रपटांच्या अशा फिती राहिल्याच नाहीत, म्हणून त्यांचे पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे ऐकता येत नाही.

आकड्यांतला आवाज

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ध्वनी आकड्यांत साठवला. तो कसा, हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. आलेख-कागदावर एक नागमोडी रेषा काढा. दर एक सेंटिमीटरवर तिची उंची मोजून कागदावर लिहा. आता ते आकडे मित्राला द्या आणि त्यावरून त्याला रेषा काढायला सांगा. मोठी वळणे बरोबर येतील, बारीक वळणे मात्र हरवतील. दर अर्ध्या सेंटिमीटरला मोजले, तर बारीक वळणेही सापडू लागतील.

सीडीसाठी अशी मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा करतात. ज्या कंपनाची नोंद हवी, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते, असा नियम आहे. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणून ४४,१०० हा आकडा पुरतो. प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहितात, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या होतात.

सूक्ष्म तबकड्यांमध्ये, म्हणजे डीव्हीडी-ऑडिओ किंवा ब्ल्यू-रेवर, ही मोजणी सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० वेळा आणि २४ बिटांत होऊ शकते. तेव्हा पायऱ्या होतात १,६७,७७,२१६! एसएसीडीची पद्धत निराळी आहे. तिच्यात सेकंदाला २८,२२,४०० वेळा नोंद होते, पण प्रत्येक नोंद फक्त एका बिटाची असते. शिवाय या तबकड्यांत दोनऐवजी सहा स्वतंत्र ध्वनिमार्गही ठेवता येतात. 'शोले'सारख्या सहा पट्ट्यांच्या ध्वनीला अशीच तबकडी शोभेल.

मग फायदा कोणता?

समजा, १९३५ सालच्या चित्रपटातील ध्वनीची पट्टी आपल्याजवळ आहे. तिच्यात ८,००० हर्ट्झच्या वर फारसे संगीतच नाही. सेकंदाला १,९२,००० वेळा मोजले तरी नसलेले सूर कोठून येणार? अंधुक छायाचित्र कितीही मोठे केले तरी त्यातील माणसाच्या शर्टाची बटणे दिसू लागत नाहीत. तेव्हा तबकडीच्या वेष्टनावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. ती कोणत्या मूळ फितीवरून तयार केली, हे आधी पाहा. चांगल्या मूळ फितीवरून काळजीपूर्वक केलेली साधी सीडी ही झिजलेल्या प्रतीवरून केलेल्या सूक्ष्म तबकडीपेक्षा सरस ठरते.

मात्र जुना ध्वनी जतन करताना सूक्ष्म मोजणी फार उपयोगी पडते. ध्वनिमुद्रिकेवरच्या ओरखड्याचा 'टक्' असा आवाज अत्यंत अल्पकाळाचा असतो. सूक्ष्म मोजणीत तो संगीतापासून ठळकपणे वेगळा दिसतो आणि काढून टाकणे सोपे जाते. म्हणून ध्वनिसंग्रहालये जुन्या फिती व तबकड्यांच्या प्रती ९६,००० मोजण्या आणि २४ बिटांत करणे पसंत करतात. मूळ वस्तू कायमची टिकत नाही. जुन्या नायट्रेटच्या चित्रफिती तर सहज पेट घेतात. २००३ साली पुण्यात अशा फितींच्या साठ्याला आग लागून आपला मोठा ठेवा नष्ट झाला.

तुम्ही काय करू शकाल?

दादर, लालबाग, गिरगाव येथील कितीतरी घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जुन्या ध्वनिमुद्रिका सापडतील. त्या भंगारात जाण्याआधी तुमच्या हाती येऊ द्या. प्रत्येकीवरील चित्रपटाचे, गायकाचे व संगीतकाराचे नाव आणि क्रमांक वहीत लिहून काढा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. उन्हापासून दूर ठेवा. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या स्पिरिटने मुळीच पुसू नका, कारण त्यांत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीच्या सुईने त्या वाजवूही नका. त्यांची खाच रुंद असते, सुईही जाड लागते.

तुमच्या यादीत एखादी अशी ध्वनिमुद्रिका निघेल की जिची दुसरी प्रत सहजासहजी मिळणार नाही. तसे झाले तर शिक्षकांना दाखवा आणि एखाद्या संग्रहालयाला कळवा. जगातील सर्वांत सूक्ष्म तबकडीलासुद्धा नक्कल करण्यासाठी आधी काहीतरी शिल्लक असावे लागते.