उसन्या शब्दांची वयं

पावाला रशियन माणूस ‘ख्लेब’ म्हणतो. हा शब्द मूळचा स्लाव नाही. तो गॉथांच्या ‘ह्लाइफ्स’चा, म्हणजे इंग्रजी ‘लोफ’च्या गोतातला. तिसऱ्या-चौथ्या शतकात हे जर्मानिक गॉथ काळ्या समुद्राच्या उत्तरेला, आजच्या युक्रेनमध्ये, नांदत होते आणि स्लाव त्यांचे शेजारी होते. स्लावांना स्वतःची लिपी मिळाली ती थेट नवव्या शतकात. त्यामुळे या शेजाराची त्यांच्याकडची साक्ष द्यायला उरले ते फक्त शब्द.

पण शब्दांची उलटतपासणी घेता येते. जर्मानिक ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. स्लावांकडे ‘ह’ नव्हता, त्यांनी तो ‘ख’सारखा उच्चारला. पुढे त्यांच्या बोलीत ‘इ’, ‘ए’ यांच्या आधी येणाऱ्या ‘ख’चा ‘श’ झाला. जुन्या रशियनमध्ये ‘शेलोम’ सापडतो, त्याअर्थी हा बदल होण्याआधीच शब्द घरात आलेला होता. ‘ख्लेब’मध्ये ‘ख’पुढे ‘ल’, म्हणून तो वाचला.

दुसऱ्या टोकाला आहे फ्रँकांचा राजा कार्ल, म्हणजे शार्लमेन. तो 814 मध्ये वारला, पण त्याच्या नावाचा अर्थच स्लावांकडे ‘राजा’ असा झाला: रशियन ‘कोरोल’, पोलिश ‘क्रुल’, चेक ‘क्राल’. मधल्या ‘आर’ची प्रत्येकाने आपापल्या रीतीने मोडतोड केली. म्हणजे 800 च्या सुमारास ही मोडतोड अजून पुरी व्हायची होती. एका माणसामुळे ध्वनिबदलाची तारीख हाती लागावी, असं भाषाशास्त्रात क्वचितच घडतं.

मला सगळ्यांत आवडतो तो उंट. ग्रीक ‘एलेफास’ म्हणजे हत्ती. गॉथिकमधला ‘उल्बांडुस’ त्याच मुळाचा मानतात, पण अर्थ उंट! चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणलं, त्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं वस्त्र ‘उल्बांडुस’च्या केसांचं आहे. ज्यांनी दोन्ही जनावरं पाहिली नाहीत, त्यांच्याकडून आणखी काय होणार? स्लावांनी मात्र उंटच ठेवला. पोलिशमध्ये आजही त्या ‘आं’चा अनुनासिक अवशेष ऐकू येतो.

बीच वृक्षाचं ‘बुक’ हे नावही उसनंच. हे झाड ढोबळमानाने कालिनिनग्राड ते ओदेसा या रेषेच्या पूर्वेला आपसूक वाढत नाही. त्यावरून स्लावांचं मूळ घर त्या रेषेपलीकडे असावं, असा जुना युक्तिवाद आहे. एका झाडावर अख्ख्या जमातीचा पत्ता लिहिणं मला धाडसाचं वाटतं. झाडांची नावं माणसं सर्रास बदलतात.