पाण्यावर उतरणारे विमान

विमान म्हटले, की लांब धावपट्टी डोळ्यांसमोर येते. परंतु जेथे धावपट्टी नाही, रस्ताही नाही, सभोवती केवळ तळी आणि अरण्य आहे, तेथे औषधे, टपाल व धान्य कसे पोहोचवावे? कॅनडाच्या उत्तर भागातील दुर्गम वस्त्यांपुढे हा प्रश्न होता. ‘नॉर्समन’ हे एका इंजिनाचे मालवाहू विमान अशाच प्रदेशासाठी घडवले गेले. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट नूर्डाइन यांनी त्याची रचना केली. १४ नोव्हेंबर १९३५ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले, तेही पाण्यावरून.

भिलाईत तयार होणारे रेल्वेचे रूळ हे पोलादाचे जड रूप होय. नॉर्समनमध्ये त्याच धातूचे हलके रूप दिसते. पोकळ पोलादी नळ्या जोडून धडाचा सांगाडा तयार करीत व त्यावर कापड ताणून बसवीत. पंख लाकडी असून धडाच्या वरच्या बाजूस होते. त्यामुळे विमान धक्क्याला लावून माल चढवणे सोपे जाई. हिवाळ्यात तळी गोठली, की फ्लोट काढून बर्फावरून घसरणाऱ्या पट्ट्या बसवता येत.

फ्लोट म्हणजे विमानाखालील होडीच्या आकाराचे दोन पोकळ तरंगक. त्यांत पाणी न शिरणारे अनेक कप्पे असतात. एखादा कप्पा फुटला, तरी विमान बुडत नाही. फ्लोटच्या तळाला मध्यभागी एक पायरी असते. सपाट तळाला पाणी चिकटून राहते व विमानास मागे ओढते. वेग वाढताच पाणी या पायरीपाशी तळापासून सुटते, ओढ कमी होते आणि विमान वर उचलले जाते.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. फ्लोटमुळे वजन वाढते व हवेचा विरोधही वाढतो. नॉर्समनचे पहिले ४२० अश्वशक्तीचे इंजिन अपुरे ठरले. पुढे ६०० अश्वशक्तीचे इंजिन बसवावे लागले. त्यानंतर अशी नऊशेहून अधिक विमाने तयार झाली.

भारतात २०१० मध्ये मुंबईतील जुहू येथे अंदमानसाठीच्या ‘जल हंस’ सेवेचे उद्घाटन झाले. तिचे सेसना विमानही एकाच इंजिनाचे होते. त्याच्या फ्लोटमध्ये चाकेही असल्याने ते जमीन व पाणी दोन्हींवर उतरू शके. पंचाहत्तर वर्षांनंतरही गरज तीच होती: धावपट्टी नसलेल्या ठिकाणी माणसांपर्यंत पोहोचणे.