नव्या गाडीचा रंग

घरात नवी गाडी आणावयाची ठरली, की पैशाची जुळवाजुळव करताना होत नाही एवढा वाद तिचा रंग ठरविताना होतो. खानापूर तालुक्यातील आमच्या घरी हेच घडले. जुनी जीप थकली होती आणि घरात माणसे सात. म्हणून धाकट्या भावाने कर्ज काढून तीन रांगांची, उंच बांध्याची एसयूव्ही घेण्याचे ठरविले. शोरूममधून आणलेली रंगीत पुस्तिका जेवणानंतर माजघरात उघडली गेली आणि प्रत्येकाचे बोट निराळ्याच चौकोनावर पडले. पुतण्याला काळा रंग रुबाबदार वाटला, भावजयीला लाल आवडला. भावाने मात्र पुष्कळ विचार करून करडा पसंत केला होता.

“दादा, आपल्याकडची तांबडी धूळ तुम्ही पाहताच. करड्यावर ती दिसत नाही. रोज गाडी धुवायला वेळ आहे कोणाला?”

त्याचे म्हणणे बिनतोड होते. करडा रंग जवळजवळ ठरलाच.

त्यानंतर आठवड्याभरात आम्ही मामांच्या गाडीतून गोव्याहून चोर्ला घाटाने परतत होतो. श्रावणातली संध्याकाळ होती. दोन्ही बाजूंना काळीभोर झाडी, वर पाऊस आणि खाली ओला डांबरी रस्ता. एका वळणावर समोरून गाडी आली, ती अगदी जवळ येईपर्यंत कोणालाच दिसली नाही. ती करडी होती आणि तिचे दिवे लावलेले नव्हते. मामांनी गाडी डाव्या कडेला दाबली. दोहोंमध्ये वीतभर अंतर राहिले असेल. भावाच्या मांडीवर त्याची चार वर्षांची मुलगी झोपली होती. ती जागीही झाली नाही. घरी पोहोचेपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही.

जो रंग धूळ लपवितो, तो गाडीही लपवितो, ही गोष्ट आम्हांला त्या वळणाने शिकविली. त्यानंतर मी या विषयाची थोडी माहिती मिळविली. ती वाचकांच्याही उपयोगी पडेल.

एके काळी रंगाचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतील फोर्ड कंपनीची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगातच मिळत असे. एकच रंग ठेवल्याने काम सोपे आणि स्वस्त होई. त्या काळी इतर रंग चढवून वाळविण्यास कित्येक दिवस लागत. १९२० नंतरच्या दशकात लवकर वाळणारे रंग निघाले आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. आज पुस्तिकेत आठ-दहा छटा असतात, आणि निवडीबरोबर निवडणाऱ्याची जबाबदारीही आली आहे.

पहिला विचार डोळ्यांस दिसण्याचा. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने २००७ साली गाड्यांचे रंग आणि अपघात यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाच्या उजेडात पांढऱ्या गाडीच्या तुलनेत काळ्या गाडीला अपघाताचा धोका सुमारे १२ टक्के, करड्या गाडीला ११ टक्के आणि चंदेरी गाडीला १० टक्के अधिक आढळला. लाल व निळ्या गाड्यांना तो ७ टक्के अधिक होता. रात्री मात्र रंगापेक्षा दिवेच महत्त्वाचे. दाट धुक्यात तर पांढरी गाडीही विरून जाते. म्हणून रंग कोणताही असो, पावसात आणि तिन्हीसांजेला दिवे लावणे हे चालविणाराचे कर्तव्यच होय.

दुसरा विचार उन्हाचा. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक काळी व एक चंदेरी गाडी भर उन्हात शेजारी शेजारी उभी करून पाहिली. काळ्या गाडीचा टप चंदेरी गाडीच्या टपापेक्षा २५ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापला आणि आतील हवा पाच-सहा अंशांनी अधिक गरम झाली. फिका रंग ऊन परतवितो, गडद रंग ते पिऊन घेतो. वैशाखात लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी दोन तास उभी राहिली, की मागच्या रांगेत बसणाऱ्या आजीला हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा विचार खिशाचा. पुष्कळ कंपन्या मोतिया किंवा दुरंगी गाडीसाठी जादा पैसे घेतात. शिवाय चकाकणाऱ्या रंगात धातूचे किंवा अभ्रकाचे बारीक कण असतात. एखाद्या बैलगाडीचा धक्का लागून पत्रा खरचटला, की डेंटिंग-पेंटिंगवाल्याला ती झाक हुबेहूब जुळविणे जड जाते. साधा पांढरा जुळविणे त्या मानाने सोपे. टिकाऊपणाविषयी मात्र गैरसमज नको. गंजापासून पत्र्याला वाचवितो तो मुख्यत्वे खालचा थर, आणि ऊन-पावसाचा मारा सोसतो तो सर्वांत वरचा पारदर्शक थर. पक्ष्यांची विष्ठा व झाडाचा चीक त्या वरच्या थराला खातात. ते त्वरित धुवावे.

कायद्याचीही आठवण ठेवावी. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. पुढे तो बदलावयाचा झाल्यास आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. सैन्याच्या गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा रंग तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये खाजगी गाडीला देताच येत नाही.

शोरूममधील झगमगत्या दिव्यांखाली सर्वच रंग मोहक दिसतात, आणि पुस्तिकेतील बोटभर चौकोनावरून अख्ख्या गाडीची कल्पना येत नाही. तेव्हा मनात भरलेल्या रंगाची गाडी रस्त्यावर गाठावी आणि ती एकदा भर दुपारी व एकदा दिवेलागणीला शंभर पावलांवरून पाहावी.

आमच्या भावाने अखेर साधा पांढरा रंग घेतला. पुतण्या दोन दिवस रुसला होता. पावसाळ्यात गाडी घरी येते ती कमरेपर्यंत तांबड्या चिखलाने माखलेली, आणि दर शनिवारी बापलेकांना बादल्या घेऊन ती धुवावी लागते. भाऊ कुरकुर करतो, पण धुतो.

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. संध्याकाळी ती ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहत असते. पूर्वी जीप दारात येऊन थांबेपर्यंत तिला कळत नसे. आता शेताच्या वळणावर पांढरे काही हलले, की ती आत हाक मारते, “चहा टाका गं, पोरं आली!”