अंड्यावरील बटेरांच्या खाद्यातील नैसर्गिक व कृत्रिम रंगद्रव्ये

बलक फिका दिसला की ग्राहक अंडे निकृष्ट समजतो व व्यापारी भाव पाडतो. वस्तुतः बलकाच्या रंगावरून अंड्यातील प्रथिनांचे प्रमाण कळत नाही. मादीच्या आहारातून कोणती कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये अंड्यात उतरली, एवढेच कळते. पक्षी ही द्रव्ये स्वतः तयार करू शकत नाहीत. ती खाद्यातूनच मिळावी लागतात.

जपानी बटेराची मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. पिवळ्या मक्यातील ल्युटिन व झियाझँथिन यांमुळे बलकाला पिवळेपणा येतो. मक्याऐवजी तांदळाची कणी, पांढरा मका किंवा ज्वारी वापरल्यास तो फिका पडतो.

नैसर्गिक स्रोतांपैकी झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटिन पिवळी छटा देते, तर लाल मिरचीतील कॅप्सँथिन व शेंद्रीच्या बियांतील बिक्सिन नारिंगी छटा देतात. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. गाजरातील बीटा-कॅरोटिनचे मात्र बरेचसे रूपांतर जीवनसत्त्व 'अ' मध्ये होते. त्यामुळे बलक फारसा रंगत नाही. नैसर्गिक रंगद्रव्ये प्रकाश व उष्णतेने लवकर उडतात आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक खेपेस बदलते. म्हणून पाकळ्या सावलीत वाळवाव्यात व भुकटी हवाबंद ठेवावी. कीटकनाशक फवारलेली फुले वापरू नयेत.

कृत्रिम रंगद्रव्यांपैकी एपो-एस्टर पिवळे, तर कँथाझँथिन लाल असते. ती अधिक टिकाऊ असून त्यांची मात्रा नेमकी ठरवता येते. युरोपीय संघाने अंड्यावरील कोंबड्यांसाठी कँथाझँथिनची कमाल मर्यादा किलोभर खाद्यास ८ मिलिग्रॅम ठेवली आहे. १० टक्के कँथाझँथिन असलेल्या उत्पादनाच्या बाबतीत ही मर्यादा टनास ८० ग्रॅम होते. दिवसाला सुमारे ३० ग्रॅम खाद्य धरल्यास हजार पक्ष्यांच्या ३० किलो खाद्यास ती केवळ २.४ ग्रॅम येते. इतके अल्प द्रव्य प्रथम किलोभर भरड्यात मिसळावे व नंतर सर्व खाद्यात कालवावे. पिवळ्याचा पाया नसताना केवळ लाल रंगद्रव्य दिल्यास अपेक्षित सोनेरी छटा येत नाही.

रंगद्रव्य विकत घेण्यापूर्वी फिकेपणाचे कारण तपासावे. रक्ती हगवण, खवट तेल किंवा बुरशी लागलेले खाद्य यांमुळेही रंग उतरतो. खाद्यातील बदलाचा परिणाम दोन आठवड्यांनी रंगपट्टीशी ताडून पाहावा.

औद्योगिक रंग कदापि वापरू नयेत. २००६ मध्ये चीनमध्ये बदकांच्या लाल बलकाच्या अंड्यांत सुदान हा निषिद्ध रंग आढळल्याने ती अंडी बाजारातून काढून घ्यावी लागली. गडद बलकाने मिळणारा भाव ग्राहकाच्या विश्वासावरच टिकतो.