निरोप पोहोचला का?

विमानतळावर रोज शेकडो सूचना निघतात. कागदावर सही झाली की साहेबांचं काम संपतं, सूचनेचं मात्र तिथून सुरू होतं. ती रात्रपाळीच्या शेवटच्या लोडरपर्यंत जायला हवी. आणि त्या लोडरने काही पाहिलं, तर तेही वरपर्यंत यायला हवं. या जा-ये करणाऱ्या निरोपावर किती जीव अवलंबून असतात?

सरफोजीराजांच्या तंजावूरला विमानतळ आहे, पण तो हवाई दलाचा. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. २७ मे २०१३ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तिथल्या तळाचं उद्घाटन केलं आणि २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० विमानांची तुकडी तिथे दाखल झाली. तंजावूरच्या माणसाला मात्र सिंगापूरला मुलाकडे जायचं असो की आखातात नोकरीला, तो बॅगा घेऊन साठेक किलोमीटरवरचं तिरुचिरापल्ली गाठतो. गेल्या काही वर्षांत निरोपाची खरी कसोटी लागली ती याच विमानतळावर. एकदा नव्हे, दोनदा!

१२ ऑक्टोबर २०१८. मध्यरात्र उलटून तास-सव्वा तास झाला होता. १३० प्रवासी आणि सहा कर्मचारी घेऊन दुबईला निघालेलं बोइंग ७३७ धावपट्टीवरून उठलं, पण हवं तेवढ्या लवकर उठलं नाही. धावपट्टीच्या टोकापलीकडचा अँटेना आणि विमानतळाची कुंपणभिंत यांना घासून ते वर गेलं. आत सारं ठीक दिसत होतं. यंत्रं व्यवस्थित चालली होती, विमान दुबईची वाट कापत होतं.

खाली मात्र भिंत फुटलेली होती. ती पाहिली जमिनीवरच्या माणसांनी. तिथून निरोप नियंत्रण कक्षात गेला आणि कक्षातून आकाशात... तुमचं विमान भिंतीला लागलं असावं! वैमानिकाचं उत्तर आलं, सगळं सुरळीत आहे. तरीही पुढे खबरदारी म्हणून विमान मुंबईकडे वळवलं गेलं आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास ते सुखरूप उतरलं. पोटाखाली पाहिलं तेव्हा पत्रा फाटलेला होता. काचेच्या केबिनमध्ये बसलेल्याला जे दिसलं नाही, ते खाली उभ्या असलेल्या माणसांनी पाहिलं आणि तत्परतेने कळवलं. 

पुन्हा ऑक्टोबरच. ११ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी शारजाला निघालेल्या विमानाची हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली. इंधन जाळून वजन कमी करण्यासाठी ते दोन तासांहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत राहिलं. घराघरांत लोक टीव्हीपुढे श्वास रोखून बसले होते. विमानतळावर आणीबाणी जाहीर झाली, अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका सज्ज झाल्या. अशा वेळी कुठला बंब कुठे उभा राहणार, फाटक कोण उघडणार, रुग्णवाहिका कुठल्या वाटेने आत येणार हे प्रत्येकाला ठाऊक असावं लागतं. रात्री सव्वाआठच्या सुमारास विमान अलगद टेकलं. कुणालाही इजा झाली नाही.

तांबडा दिवा काय सांगतो?

प्रवाशाला विमानतळ म्हणजे चकचकीत काचा, कॉफीचा वास आणि गोड आवाजातल्या घोषणा. कर्मचाऱ्याचा विमानतळ वेगळाच. बॅगा चढवणारे, इंधन भरणारे, विमान ढकलणारा ट्रॅक्टर चालवणारे, सफाई करणारे, अभियंते, सुरक्षा जवान... यांचे मालक निरनिराळे, पाळ्या निरनिराळ्या. एकाची भाषा तमिळ, दुसऱ्याची मराठी, तिसऱ्याची हिंदी. आणि फलकावरची सूचना बहुधा इंग्रजीत!

त्यात इंजिनांचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून इथे हातांचे इशारे आणि दिवे बोलतात. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा तांबडा दिवा तुम्ही पाहिला असेल. तो शोभेचा नाही. इंजिन सुरू आहे किंवा आता होणार आहे, जवळ येऊ नका, असा त्याचा अर्थ. अशिक्षित माणसालाही कळेल अशी ती सूचना आहे.

इशारा चुकला तर काय होतं? १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या विमानाजवळ एक तंत्रज्ञ उभा होता. विमान हललं आणि तो इंजिनात ओढला गेला. जागीच मृत्यू. इशारा समजण्यात सहवैमानिकाची गफलत झाली, अशी माहिती तेव्हा पुढे आली होती. पलीकडे टर्मिनलमध्ये शेकडो प्रवासी आपापल्या विमानाची वाट पाहत बसले असतील. त्यांना याचा पत्ताही नसेल.

मुंबईत निरोपाला किती शिस्त लागते याचं आणखी एक उदाहरण. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका धावपट्टीवर दिवसाला नऊशेहून अधिक विमानं ये-जा करतात. पावसाळा संपला की डागडुजीसाठी दोन्ही काही तास बंद ठेवाव्या लागतात. २०२४ मध्ये १७ ऑक्टोबरला सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पर्यंत त्या बंद होत्या. अशा कामाची सूचना विमान कंपन्यांना कित्येक महिने आधी दिली जाते. तिला नोटॅम म्हणतात. वेळ दिला म्हणून वेळापत्रकं बदलता येतात, पाळ्या नव्याने लावता येतात. कुणाला ऐनवेळी धावपळ करावी लागत नाही.

हा नोटॅम अडला तर? ११ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत तसं झालं. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या हातून नोटॅमच्या संगणकातल्या फायली चुकून पुसल्या गेल्या आणि साऱ्या देशातली उड्डाणं काही काळ थांबवावी लागली. विमानं ठणठणीत होती, वैमानिक हजर होते, धावपट्ट्या मोकळ्या होत्या. कर्मचाऱ्यांपर्यंत ताजी माहिती जात नव्हती, एवढंच. तेवढ्यानेच हजारो उड्डाणांचा खोळंबा झाला.

एका शब्दाची किंमत

निरोप पोहोचला, पण नीट समजला का? हा पुढचा प्रश्न. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर दाट धुकं होतं. एक जम्बो धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणासाठी उभं होतं, दुसरं त्याच धावपट्टीवरून अजून चालत होतं. पहिल्याच्या वैमानिकाने आम्ही निघतो आहोत अशा अर्थाचं काहीसं मोघम सांगितलं. नियंत्रकाने 'ओके' म्हणून पुढे थांबायला सांगितलं. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही आम्ही अजून धावपट्टीवर आहोत असं कळवलं. दोन आवाज एकमेकांत मिसळले आणि पहिल्या विमानात 'ओके'नंतर ऐकू आली ती नुसती शिट्टी. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला तो सर्वांत भीषण अपघात.

त्यातून दोन धडे घेतले गेले. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही. आणि नुसतं 'ओके' किंवा 'समजलं' म्हणून भागवायचं नाही, मिळालेली महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. बाजारातून काय आणायचं हे आई मुलाकडून पुन्हा म्हणवून घेते ना, अगदी तसंच!

कळलं, पण सगळ्यांना नाही

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट १९७४ ची. त्या वर्षी १ डिसेंबरला वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरू पाहणारं ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ७२७ विमान डोंगरावर आदळलं. ९२ जण ठार झाले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी आता खाली उतरायला हरकत नाही असा घेतला होता. चौकशीत धक्कादायक गोष्ट उघड झाली. सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं! त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या इतर वैमानिकांना सावध केलं. पण शेजारच्या कंपनीला कोण सांगणार? तशी सोयच नव्हती.

ती सोय १९७६ मध्ये झाली. 'नासा' या अमेरिकी अवकाश संस्थेकडे अहवाल गोळा करण्याचं काम सोपवलं गेलं. वैमानिक असो, नियंत्रक असो की मेकॅनिक, जे चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं ते त्याने लिहून पाठवायचं. नाव गुप्त राहतं आणि मिळालेला धडा सगळ्यांपर्यंत जातो. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे स्वेच्छेने असा अहवाल देण्याची व्यवस्था आहे.

व्यवस्था असली तरी मनातली भीती जाते का? कंत्राटावरच्या कामगाराला ट्रॉलीचा ब्रेक ढिला वाटला, धावपट्टीजवळ पत्र्याचा तुकडा दिसला, तर तो बोलेल का? बोलला तर पाळी लांबणार, साहेब कटकट्या म्हणणार. गप्प राहिला तर निदान नोकरी शाबूत. पण २५ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने कॉन्कॉर्डचा टायर फोडला आणि ११३ जीव गेले. ती पट्टी आधी उडालेल्या एका विमानातून गळून पडली होती. कुणाच्या नजरेला पडती आणि कुणी कळवतं, तर?

छत्रातली घंटा

वाटसरूंची सेवा तंजावूरला नवी नाही. रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर मराठी राजांनी छत्रं बांधली. त्यांतलं ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र प्रसिद्ध आहे. त्या काळच्या प्रवाशांचा हाच थांबा आणि हीच वर्दळ. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचा कारभार कसा चालतो ते सविस्तर सांगितलं होतं. कुठल्याही जातीच्या वाटसरूला अन्न, आजाऱ्याला औषध आणि पथ्याचं जेवण, बाळंतिणीची काळजी, शिकवायला पंतोजी, विषावर उतारा देणारा वैद्य. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा व्हायचा... कुणी जेवायचं राहिलं असेल तर यावं!

दिवसभर पंगती उठल्या होत्या. छत्रात अन्न मिळतं हे साऱ्यांना माहीत होतं. तरी शेवटी पुकारा केल्याशिवाय कारभार मिटत नव्हता. एखादा उशिरा पोहोचलेला, एखादा कोपऱ्यात झोपलेला राहून जाऊ नये म्हणून.

आजच्या विमानतळावर फलक आहेत, वॉकीटॉकी आहेत, मोबाइलवर गट आहेत. पाळी बदलताना दहा मिनिटं उभं राहून, कामगाराला कळेल अशा भाषेत आजचे बदल सांगायचे, त्याच्याकडून ते म्हणवून घ्यायचे आणि तुला काही दिसलं का, असं विचारायचं, याला मात्र कुठलंही यंत्र लागत नाही. घरात कुणी विमानतळावर नोकरीला असेल, तर ड्यूटी सुरू होण्याच्या वेळी घरून फोन करू नका. ती दहा मिनिटं त्यांना ऐकू द्या.